धुऱ्यांची दौड

"रूपेश नाही," धनीराम म्हणाला, तशी शामकलानं कपाळाला हात लावला.

"अरे भाऊ, सगळ्यात पुढं तोच तर आहे!"

दोघं कामठ्याच्या रस्त्यालगत, कापणी झालेल्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, कडेला बसले होते. समोर गावची पोरं सराव करत होती. चार दिवसांवर मंडई, गावची दिवाळीनंतरची जत्रा, आली होती आणि मंडईच्या सकाळी धुऱ्यांची दौड. देवळापासून कालव्यापर्यंत आणि परत, चार किलोमीटर. मध्ये धानाच्या बांध्या, आणि दर दोन बांध्यांमध्ये गुडघाभर उंच मातीचा बांध, म्हणजे धुरा. जाऊन-येऊन बावन्न धुरे ओलांडायचे. दरवर्षी निम्मी पोरं कालव्याच्या अलीकडंच बसून घेत.

धनीराम आठ दिवस रोज इथं येत होता. चैत्रात त्याची बायको धनवंता गेली, तेव्हापासून तो स्वतःच्या शेताशिवाय कुठं गेला नव्हता. त्यामुळं गावात कुजबुज सुरू झाली होती. शामकला शेजारीण, तिनं ते तोंडावरच विचारलं.

"काऊन भाऊ, जावई पाहून राहिला का?"

धनीराम हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

"पाहत असशील तर पोरीचं सगळं पहिलेच सांगून टाक बाप्पा. मागून बोल नको."

"खुशबूचं काय ते साऱ्या गावाले माहीत आहे."

"मग रूपेशले काऊन नाही म्हनतं? पोलीस भरतीची तयारी करून राहिला. खिळ्याचे बूट आहेत त्याच्याजवळ."

"काल बाजूचा पोट्टा पडला, यानं मानही वळवली नाही."

"दौडीत मान कायले वळवन तो? फोटो काढाले आला का?"

धनीरामनं मागून येणाऱ्या पोराकडं बोट दाखवलं. मग म्हणाला, "गुलशनची उडी चांगली आहे. पन पळताना एक शब्द बोलत नाही."

"पळताना कोन बोलते रे भाऊ?"

तेवढ्यात उदारामचा जागेश्वर धापा टाकत समोरून गेला. "चौदा, पंधरा, सोळा, धुरा!" दर बांधीत तो पावलं मोजायचा आणि धुरा आला की ओरडायचा. पोरं त्याला कंडक्टर म्हणत. नऊ-दहाच्या वर त्याचा नंबर कधी गेला नव्हता. पलीकडं उतरून तो मागच्याला ओरडला, "डाव्या अंगानं ये बे, इकडं चिखल आहे!"

"हा," धनीराम म्हणाला.

"हा?" शामकला इतकी हसली की तिला पदरानं डोळे पुसावे लागले.

संध्याकाळी खुशबू ओसरीत तांदूळ निवडत होती. सुपातून बोटं फिरवत एकेक खडा बाजूला काढत होती. वीस वर्षांची पोर. आधी रोज पहाटे मायलेकी शेताकडं जायच्या, त्यांचं हसणं रस्त्यापर्यंत यायचं. चैत्रापासून खुशबू अंगणाबाहेर पडली नव्हती. जाण्याआधी धनवंता एकच बोलली होती, "पोरगी घरात बसली नाही पाहिजे." निवड चुकली, त्या पोरानं मध्येच साथ सोडली, तर खुशबू पुन्हा कधी बाहेर येणार नाही, हे धनीरामला कळत होतं. म्हणून तर आठ दिवस लागले.

"कोनता, बाबा?" तिनं विचारलं.

"जागेश्वर."

"तो कंडक्टर?" खुशबू हसली. चैत्रानंतर पहिल्यांदाच. "लय उंच आहे का?"

"तुझ्याएवढाच."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पुन्हा तांदळात बोटं घातली. "पन तो हो म्हनन का?"

दुसऱ्या दिवशी जागेश्वर शेतात धानाचे भारे बांधत होता. धनीरामनं इकडचं तिकडचं न बोलता थेट विचारलं. जागेश्वरच्या हातातला भारा खाली पडला.

"मी? काका, रूपेश सोडून मी?"

"तू. पन पाहून घे. यंदा दौडीत तुझा नंबर येनार नाही."

"कधी आला होता, काका?" तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "खुशबूले चालते का?"

"तिले विचारूनच आलो."

जागेश्वरनं पडलेला भारा उचलून धुऱ्यावर ठेवला. मग म्हणाला, "आईले सांगून येतो," आणि तसाच घराकडं पळत सुटला.

मंडईच्या सकाळी देवळासमोर चाळीसेक पोरं ओळीत उभी होती. जिलेबीची कढई तापली होती, डफ वाजत होता. शामकला नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढं आली होती.

"साखरपुडा कधी आहे, भाऊ?" तिनं मोठ्यानं विचारलं. आजूबाजूच्या बाया हसल्या.

"थांब जरा," धनीराम म्हणाला.

त्यानं मागं उभ्या असलेल्या खुशबूचा दंड धरला आणि गर्दीतून वाट काढत तिला घेऊन निघाला. बायकांच्या घोळक्यापाशी तो थांबला नाही, पोरांच्या ओळीपर्यंत गेला. तिथं त्यानं खिशातून हातभर सुती दोरी काढली, पहाटे धनवंताच्या मनगटाला असायची तीच. एक टोक जागेश्वरच्या मनगटाला बांधलं, दुसरं खुशबूच्या. डफ थांबला. रूपेशनं बाजूला सरकून जागा करून दिली.

आंधळ्या खुशबूनं दोरी ओढून पाहिली आणि जागेश्वरच्या कानाशी तोंड नेलं. "आई म्हने, मी पहिल्या दहात येईन," ती म्हणाली. "तिच्यापेक्षा हळू पळशील, तर तुले ओढत नेईन."