पानावर थेंब नाही

आजीच्या मोठ्या मुलाला पहिली मुलगी झाली, त्या वर्षीची गोष्ट. कॉफीची तोडणी तोंडावर आली होती. तपासनीस बाई आजीच्या कोठारात शिरल्या आणि फवारणीच्या औषधाची बाटली उजेडात धरून उभ्या राहिल्या. बाटली रिकामी होती.

टेकडीवरच्या बारा घरांनी मिळून एका खरेदीदाराशी करार केला होता. झाडांवर विष मारायचं नाही, सावलीची झाडं तोडायची नाहीत. मग तो चढ्या भावाने सगळा माल उचलणार. घरोघरी उरलेल्या औषधाच्या बाटल्या बाईंनी तेव्हाच मोहर लावून बंद केल्या होत्या. पुढच्या फेरीला त्या घेऊन जाणार होत्या. एका घराने फवारलं, की बाराही घरं बाहेर.

शेजारी दारातच उभा होता.

"मी आधीपासून सांगतोय. दादा चारचौघांत म्हणाले होते, फळात किडा पडलाय, बुधवारी पंप पाठीला लावणार म्हणजे लावणार."

"आमचे हे म्हणाले होते," आजी म्हणाली. "फवारलं नाही."

"मग औषध काय उंदरांनी प्यायलं, वहिनी?"

मुलगाही आईवर उखडला. करार गेला तर या लेकराच्या तोंडात काय घालू, म्हणाला. सून मान फिरवून आत गेली.

आजी त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. बाईंना म्हणाली, "हवी तेवढी पानं न्या. एकावर जरी थेंब सापडला, तर या झाडांवर मीच कुऱ्हाड घालीन."

बाईंनी प्रत्येक ओळीतून पानं घेतली, फळं घेतली, बुंध्याची माती घेतली. निघताना आजीने त्यांच्यापुढे काळी कॉफी ठेवली. एका घोटातच बाईंचं तोंड वाकडं झालं.

"आमच्याकडे अशीच कडक करतात," आजी म्हणाली. "साखर देऊ?"

पुढचे सतरा दिवस टेकडीवर कुणी आजीशी धड बोललं नाही. कुणीतरी तिच्या फाटकावर शेण फासलं. तिने ते धुऊन काढलं आणि झाडांखालचा पाला गोळा करत राहिली.

अठराव्या दिवशी बाई कागद घेऊन आल्या. पानं स्वच्छ, फळं स्वच्छ, माती स्वच्छ. करार शाबूत. शेजारी खाली मान घालून म्हणाला, चुकलो वहिनी.

सगळे गेल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "मग बाटलीतलं गेलं कुठे?"

"झाडांवर नाही ना गेलं? तुमच्या करारात तेवढंच आहे."

बाई हसल्या. वहीत बाटलीच्या नोंदीपुढे त्यांनी 'सांडली' असं लिहिलं.

आजीचा नवरा वारला तो तपासणीच्या महिनाभर आधी, एका मंगळवारी, सकाळची कॉफी पिऊन.