पुरुषांचा काढा

तिसऱ्यांदाही तेच आलं.

तिने नमुना बदलून पाहिला होता, नव्या बाटल्या घेतल्या होत्या, यंत्र दोनदा धुऊन काढलं होतं. तरी आलेखावरचं ते उंच टोक जागचं हलायला तयार नव्हतं. रानवेलीच्या मुळातून तिने जो पदार्थ वेगळा काढला होता, तो यंत्रातल्या नोंदींपैकी एका विषाशी तंतोतंत जुळत होता. विषही साधंसुधं नाही. रोज थोडंथोडं पोटात गेलं तर वर्षानुवर्षं किडनी सुकवत नेणारं.

"काय मग, पार्टी कधी?" पलीकडच्या टेबलावरून सहकाऱ्याने विचारलं. "तुमच्या घरच्या वेलीत सापडलं की नाही काही?"

"सापडलं," ती म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली.

ती वेल म्हणजे तिच्या घराण्याचा केवढा तोरा! टेकडीमागच्या खडकांत कुठेकुठे उगवायची. वर्षभराची मुळं जमवली तरी रोज जेमतेम भांडंभर काढा व्हायचा, आणि तो फक्त घरातल्या पुरुषांना. आजीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "पोरींना कशाला बळ? त्या जायच्या परक्या घरी." आजोबा, बाबा, काका आणि दादा ओळीने पेले रिकामे करायचे, आणि हिने नुसतं बघायचं. तो राग तिने कधी सोडला नाही. खरं सांगायचं तर त्या रागापोटीच ती या प्रयोगशाळेपर्यंत पोचली होती. आपल्याला नाकारलं त्यात एवढं होतं तरी काय, ते तिला बघायचंच होतं. घ्या, बघितलं!

आजोबा किडनीने गेले. मग काका गेले, मग बाबा. घराण्याचा आजार, सगळे म्हणाले. डॉक्टरांनीही तोच अंदाज केला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इतकी वर्षं बिचाऱ्या रक्ताला नावं ठेवली आणि खरा चोर चुलीवर उकळत होता. आता दादाची पाळी होती. वय बेचाळीस, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. किडनी द्यायला घरात तीच एक जुळत होती. सोमवारी तिच्या तपासण्या होत्या. घराण्याचा आजार तिच्यातही निघाला तर दादाचं काय, या धास्तीने घरात हल्ली कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नव्हतं.

सोमवार! ती ताडकन उठली. कागद पर्समध्ये कोंबले आणि घरी पळाली.

आई स्वयंपाकघरात होती. गॅसवर तेच भांडं. दादा आजारी पडल्यापासून आई त्याला दोन वेळा काढा द्यायची. हिने गॅस बंद केला, भांडं उचललं आणि सगळा काढा मोरीत ओतला.

"अगं ए, डोकं फिरलं का तुझं? दादाचा काढा आहे तो!"

"आई, आधी खाली बस."

असलं काही सांगायची सोपी रीत नसते. तिने सरळ सांगून टाकलं. विषाचं नाव, आलेख, आजोबा, काका, बाबा. आवाज ऐकून दादा भिंतीला धरत दारात येऊन उभा राहिला. आईने आपले तळवे उलटून पाहिले.

"म्हणजे ह्यांना मी... माझ्या या हातांनी?"

"तू काय मुद्दाम दिलंस का, आई?" दादा म्हणाला.

आई ऊर फुटेस्तोवर रडली. तीही रडली. मग डोळे पुसून तिने आईचे दोन्ही हात घट्ट धरले.

"आता पुढचं ऐक. आजार रक्तात नाहीच. म्हणजे माझ्यातही नाही. या घरात थेंबभर काढा न मिळालेलं मूल मी एकटीच. माझी किडनी ठणठणीत असणार, आई. दादा वाचणार!"

"घ्या!" दादा म्हणाला. "आजीचा दुजाभाव शेवटी माझ्याच कामी आला." आणि तो हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. तिलाही हसू आलं.

आई हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने आपले हात लेकीच्या हातांतून हळूच सोडवून घेतले.

"तुझ्या आजीला मी कधी कळू दिलं नाही," ती म्हणाली. "पण माझी पोर काय वाऱ्यावर पडली होती का गं? तू शिकायला बाहेर पडलीस तोवर रोज सकाळी, तुझ्या दुधात, दुप्पट साखर घालून... दादापेक्षा चमचाभर जास्तच देत होते मी तुला."