एका मजल्याचा जिना
मी बाळंत झाल्यापासून माझा दीर सत्यम मला टँकरच्या पाण्याचा कॅन उचलू देत नव्हता. तो कबड्डीपटू, गुडघ्याचं लिगामेंट तुटल्यानं सात महिने घरीच होता. शनिवारच्या सामन्यासाठी, पैसे लावून आपली टीम निवडायच्या फँटसी ॲपवर आज त्याच्या नावापुढं ‘फिट’ आलं. हर्सूलला आमच्या गल्लीत टँकर आला तेव्हा रांगेत शेजारच्या कडूबाकाकांनी विचारलं, “सूनबाई, ॲप काय बी सांगतंय. तू घरातली. सत्यमला माझ्या टीमचा कॅप्टन करू का?” आमच्या एका मजल्याच्या जिन्यावर पहिला कॅन वर नेताना सत्यमनं तो आत्ताच तीनदा टेकवलेला मी पाहिला होता. “नका घेऊ त्याला, काका,” मी हळूच म्हटलं. मागं सत्यम उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. काकांनी मान खाली घातली. “बरोबर बोलल्या वहिनी,” तो हसला, “मीबी ॲपवर मला टीममधी घेतलं नाय.” मग दुसरा भरलेला कॅन त्यानं पहिल्यांदाच मला उचलायला माझ्या पायाशी सरकवला.