बिनभुतांचा दिवस

घरसामान हलवणाऱ्या चौथ्या कंपनीचा माणूस कपाटं मोजता मोजता म्हणाला, "नशीबवान आहात, ताई! नवमी रिकामी आहे. त्या दिवशी वाटेत एकही भूत नसतं. त्या तारखेसाठी अख्ख्या सोल शहरात मारामारी असते."

"दुसरा कुठलाही दिवस द्या," बोरा म्हणाली.

"अहो, एरवी भुतं सामानामागून थेट नव्या घरात शिरतात!"

"शिरू देत."

नवरा वैतागला. "तीन कंपन्या तू याच दिवसावरून परत पाठवल्यास. आईला कळलं तर आपली खैर नाही. तुला हवंय तरी काय?"

बोराने वर्षभर दाराजवळ तसेच ठेवलेले लेकाचे, दाओनचे, इवलेसे बूट उचलून पोटाशी धरले.

"अरे, आपल्या पिल्लाने नवं घर कुठे पाहिलंय? सामानामागून आला नाही, तर त्याला ते सापडेल कसं?"