कॉलेजची पारख

सुनेनं कुठलंही कॉलेज दाखवलं की माईंचा लेक नाक मुरडायचा, आणि त्याची ही खोड माईंच्या डोक्यात जायची. नवरा-बायको दोघंही एकाच हॉस्पिटलात नर्स. पण मास्टर्स करायचा ध्यास सुनेचा. ड्यूटीवरून आली की पाय चेपत मोबाइलवर शोधत बसायची, फी झेपेल आणि शिकवतीलही नीट, असं कॉलेज.

शेवटी एक सापडलं. ती नाचतच स्वयंपाकघरात आली.

"अगं, तिथे नुसता बट्ट्याबोळ आहे," लेक म्हणाला. "मी चौकशी केलीय. पेशंटला हात लावू देत नाहीत, शिकणार काय कपाळ?"

नवऱ्याच्या शब्दावर तिनं तो नाद सोडला. माईंनीच तिची समजूत काढली.

महिन्याभरानं लेक मिठाईचा पुडा घेऊन आला. "माई, मास्टर्सला नंबर लागला माझा!"

"कुठे रे?"

त्यानं त्याच कॉलेजचं नाव घेतलं. "काय करू? शिकायला रजा एकालाच देतात आमच्याकडे."

माईंनी पुडा परत त्याच्याच हातात कोंबला.

 

"हॉस्पिटलात तुला ब्रदर म्हणतात ना? बरोबरच आहे. बायकोशीसुद्धा भाऊबंदकी केलीस!"