चोविसावं बटण

"कोण आहे ही बया?" साहेबांनी कागद टेबलावर असा आपटला की कपातला चहा बशीत आला.

ईमेलनं आलेलं, छापून घेतलेलं आठवं पत्र होतं. साहेबांची कंपनी चित्रकलेचे ऑनलाइन पाठ बनवायची. पाठाचा मेनू, म्हणजे काय दाबलं की कुठे पोचायचं ते, साहेब स्वतः सजवायचे. तेवीस बटणं. तेवीस रंग. निम्मी लुकलुकणारी, दोन तर चक्क उड्या मारणारी.

चोविसावं काल संध्याकाळी घरी जन्माला आलं. आईनं शेंगा सोलायचा पसारा मांडला होता, तो सरकवून साहेबांनी जेवणाच्या टेबलावरच कागद पसरला आणि शिट्टी मारणारा पोपट काढला. बेहद्द खूश झाले स्वतःवर.

आणि आज हे!

"वाचा मोठ्यानं."

डिझायनरबाईंनी पत्र उचललं. "गाढवाचा कान काढायला शिकावं म्हणून आले, तर तुमच्या मेनूत अख्खं गाढव भेटलं. पाच बटणं ठेवा, बाकीची चुलीत घाला. आणि तो शिट्टी मारणारा पोपट आणलात, तर माझ्याशी गाठ आहे. आपली, एक आजी."

वाचता वाचता बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. तेवढं निमित्त पुरलं.

"हसताय? पाचच बटणं ठेवा म्हणून तीन वर्षं माझं डोकं कोण खातंय?"

"मी. पण तोंडावर खाते."

"पोपट अजून मेनूत बसलेलाही नाही! सकाळी फक्त तुम्हाला दाखवला, आणि दुपारी आजीबाईंना खबर? मला काय दुधखुळा समजलात?"

"साहेब, पत्र मी लिहिलं असतं तर खाली माझं नाव असतं." बाईंचाही आवाज आता चढला. "आणि पाच कसली, चारच म्हटलं असतं!"

"उद्यापासून येऊ नका."

बाईंनी खुर्चीवरची शाल घेतली, खणातली डबी घेतली. तीन वर्षांचा संसार एका पिशवीत मावला. जाताना त्यांनी दार अगदी हळू लावलं. आपटलं असतं तर साहेबांना बरं वाटलं असतं.

घरी पोचले तरी साहेब धुमसतच होते. आई चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून जुन्या लॅपटॉपसमोर बसली होती. 'पत्ते खेळ त्यावर, बाकी काही तुला जमायचं नाही,' म्हणत साहेबांनीच तो तिच्या गळ्यात मारला होता.

"आलास? डोळे कुणावर वटारलेस?"

"एकीला घरी बसवलं आज. चोरून पत्रं लिहायची मला, आजीच्या नावानं."

आईचा हात थांबला. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मग शेंगांच्या टोपलीखालून एक कागद ओढून मुलापुढे सरकवला. कागदावर गाढव होतं. पाय वाकडे, पोट फुगलेलं, पण कान मात्र झकास जमला होता.

"त्या पोरीला आत्ताच्या आत्ता फोन लाव, आणि तो पोपट उडव," आई म्हणाली. "नाहीतर नववं लिहायला घेते."