गळकी गाडी

बापाची जुनी मोटारसायकल घेऊन मी टोकावड्याहून मुरबाडला कंपनीत कामाला जाऊ लागले, आणि आठवड्याभरातच तिचा कार्बोरेटर गळायला लागला. मेकॅनिकने आतली सुई बदलली, सगळे स्क्रू आवळले. दिवसभर गाडी कोरडी राहायची, सकाळी पुन्हा खाली पेट्रोलचं थारोळं. रोजच्या उशिराला कंटाळून सुपरवायझरने शेवटचं बजावलं, "आता उशीर झाला तर येऊच नका."

"जुनी गाडी आन् बाईमाणूस, मेळ नाय बसायचा," ओट्यावर तंबाखूत चुना मळत सासरे म्हणायचे. "सोड ती नोकरी, गो. घरात काय कमी काम हाय?"

रविवारी तेच सासरे तीच गाडी घेऊन बाजाराला जायचे. तेव्हा मात्र एक थेंब सांडायचा नाही.

सोमवारी मी गाडीखाली डोकं घातलं. कार्बोरेटरच्या तळाला पेट्रोल काढून टाकायचा एक स्क्रू असतो, तो सैल होता. त्याच्या खाचेत पांढरा चुना भरलेला.

मी स्क्रू आवळला, हात पुसले आणि ओट्यावर सासऱ्यांच्या चुन्याच्या डबीशेजारी स्क्रूड्रायव्हर ठेवला. शेजारचे दोघे गप्पा मारायला बसले होते, त्यांच्यादेखतच.

"मामा, डबीच्या झाकणाने नका फिरवू, वाकंल ते. हा घ्या. तुमी रोज ढिला करा, मी रोज आवळून जाईन."